भागामायची साक्ष

भागामाय,

तू गेल्याचं मला अकोल्यात कळलं. कापसाच्या बाजारात तुझ्या गावचा एक माणूस भेटला. मला ओळखून तो म्हणाला, कुंभाराची भागी गेली जी, ताप भरला आणि तीन दिवसांत आटोपली. इतकं सांगून तो आपल्या गाडीकडे गेला. तू माझी कोण होतीस हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी तरी ते कधी नीट सांगू शकलो असतो का, कोण जाणे. मी कचेरीत परत आलो, समोरच्या नकाशावर अर्धवट रंगवलेला नाला तसाच ठेवला आणि रजा मागितली.

सकाळच्या गाडीनं चांदूरला उतरलो तेव्हा तुझं सावडणं होऊन गेलं होतं. तुझ्या लेकानं, गणूनं, अस्थींचं गाठोडं पिंपळाला टांगलं होतं. अंगणात मडकी ठोकायची तुझी लाकडी थापटणी पडली होती आणि तिच्या मुठीवर ओल्या मातीत उमटलेली तुझी बोटं वाळून तशीच राहिली होती. तुझ्या सुनेनं मला पाणी दिलं. मी ते प्यायलो आणि मग माझा बांध फुटला. तुला रडणारी माणसं आवडायची नाहीत. त्या दिवसापुरतं चालवून घे.

आपली पहिली भेट आठवते का? मी मोजणी खात्यात नवा होतो, नकाशे काढायचो. साखळी घेऊन आम्ही तुझ्या गावच्या शिवारात उतरलो, तेव्हा टेकडीच्या पायथ्याला दगडांचे ते सात गोल दिसले. माणसाच्या कमरेएवढे काळे दगड, एकाला एक लागून, गोल मांडलेले. गावात विचारलं तर कोणी म्हणे जुन्या गवळ्यांचे गोठे, कोणी म्हणे भुतांची बसायची जागा. मोजणीच्या साहेबाला असल्या गोष्टींचा भारी नाद. त्यानं एक गोल उघडायचा हुकूम दिला.

वरची माती काढली, बारीक दगडांचा थर काढला, आणि खाली चिकण काळी माती लागली. ती त्या टेकडीवरची नव्हतीच. कोणीतरी नाल्याकाठून वाहून आणलेली. तिच्यात मडकी होती, लोखंडाची एक कुऱ्हाड होती, गंजून फुगलेली, आणि थोडी हाडं. मडकी बाहेरून लाल आणि आतून कोळशासारखी काळी. साहेबानं विचारलं, अशी दोन रंगांची मडकी कशी करतात? आमच्यापैकी कोणाला सांगता येईना. म्हणून तुला बोलावलं.

तू आलीस ती पदर खोचून, हात मातीचे तसेच. साहेबाकडे पाहिलंही नाहीस. एक खापर उचललंस, नखानं टिचकी मारून कानाशी धरलंस, जिभेला लावलंस. मग मला म्हणालीस, तुमी लिवून घ्या जी, मी सांगतो. आणि सांगायला लागलीस: हे मडकं भाजायच्या आव्यात, भट्टीत, उपडं ठेवलं होतं, तोंड भुश्यात दाबून. आत वारा गेला नाही म्हणून आतून काळं राहिलं, बाहेर आच लागली म्हणून लाल झालं. साहेबाच्या तोंडावरचा तो आनंद मी विसरणार नाही. पुस्तकं वाचणारा तो माणूस तुझ्यापुढं मांडी घालून बसला.

मग तू एकेक मडकं उलटं केलंस आणि बुडावरून बोट फिरवलंस. बोट स्वच्छ निघालं. तू म्हणालीस, "हे चुलीवर चढलंच नाई. कोरं हाय. मेलेल्यासाठीच केलं व्हतं कोणीतरी."

पाच-सहा मडकी तशी कोरी निघाली. एकच लहानसं गाडगं होतं, बुडाला काजळी आणि काठाला घासून गुळगुळीत झालेलं. तू म्हणालीस, हे तिचं सोताचं. "तिचं" म्हणालीस. आत बाई होती की पुरुष, हे आम्हा कोणाला कळायचं काही साधन नव्हतं. पण त्या दिवसापासून माझ्याही तोंडी "ती"च बसलं.

हाडांचंही तूच सांगितलंस. साहेबाला कोडं पडलं होतं की अख्खा माणूस का नाही, एवढीच हाडं का. तू म्हणालीस, यात कोडं काय? आमी नाई का तिसऱ्या दिवशी सावडत? या लोकायनं बी सावडूनच आणलं असन. माणूस मेलं दुसरीकडे, आणि त्याचं उरलेलं अठी आणून ठेवलं. मी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. मोजणीत मी पुढं पुष्कळ मोठमोठ्या लोकांची बोलणी लिहून घेतली, पण इतकी सरळ आणि इतकी खरी गोष्ट फार क्वचित लिहिली. नकाशात जमिनीची लांबीरुंदी येते. त्या जमिनीवर माणसं राहिली, मेली, आणि त्यांच्यासाठी कोणीतरी माती मळली, हे मला पहिल्यांदा तू दाखवलंस. माझं सगळं शिक्षण त्या एका सकाळी पुन्हा झालं असं मी समजतो.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली, पण तिचा अर्थ लागला नाही. मजूर काढलेली माती बाजूला टाकत होते आणि तू बोलता बोलता ती माती दोन्ही हातांनी चाळत होतीस, ढेकूळ न् ढेकूळ फोडून. मला वाटलं, कुंभाराच्या हाताची सवय.

आपलं भांडण झालं ते संध्याकाळी. साहेबानं सांगितलं, हाडं आणि मडकी पेटीत भरून शहरात पाठवायची, तिथले जाणकार लोक पाहतील. पेटी मी भरली. हाडं मोडू नयेत म्हणून शेजारच्या शेतातून ताजा कापूस मागून आणला. ते कापसाच्या वेडाचे दिवस होते. लोक ज्वारी मोडून कापूस पेरत होते, बांध फोडून पेरत होते, आणि बोंडाला बोंड जपत होते. मी मूठभर कापूस मागितला तर शेतकऱ्यानं मला वर-खाली पाहिलं.

तू पेटीजवळ येऊन उभी राहिलीस. म्हणालीस, "पाहून घेतलं ना? आता ठेवा जागच्या जागी."

मी तुला समजावलं की हे जाणकारांनी पाहिलं तर जगाला कळेल. तू विचारलंस, जगाले कशापायी पाह्यजे? मी म्हटलं, माय, माणसं पूर्वी कशी होती ते समजायला नको का? तू म्हणालीस, तुले समजलं ना, मंग झालं. तेव्हाच तू मला "तुमी"वरून "तू"वर आणलंस, आणि तेही रागात. पेटी गेली आणि पुढचा सगळा उन्हाळा तू माझ्याशी बोलली नाहीस. मी तुझ्या अंगणावरून जायचो तेव्हा तू मडक्यावर थापटणीचा आवाज वाढवायचीस.

मला तेव्हा तुझा राग आला होता. अडाणी बाई, म्हणालो होतो मनात. हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

पुढच्या हिवाळ्यात मोजणीचं काम निकाली निघायचं होतं. कोणती जमीन कसायची, कोणती पडीक, कोणती गावाच्या कामाची, हे सगळं कायमचं कागदावर जाणार होतं. टेकडीखालचा तो तुकडा पाटलाला कापसाखाली हवा होता. रेल्वेच्या कंत्राटदाराचा माणूसही येऊन गेला होता, त्याला पुलाच्या कामाला दगड पाहिजे होते. दोघांचं जमलं होतं. दगड एकानं न्यायचे, जमीन दुसऱ्यानं नांगरायची. तोवर एक गोल आम्ही उघडला होता आणि एक कंत्राटदारानं आधीच हलवला होता. उरले होते पाच.

मी वहीत त्या तुकड्यापुढं "स्मशान" असं लिहिलं. स्मशानाच्या जमिनीवर सारा बसत नाही आणि नांगरही चालत नाही. माझ्या मतानं मी खरं तेच लिहिलं होतं. पण पाटलानं तक्रार केली की नकाशेवाल्यानं खोटी नोंद केली, गावाचं स्मशान नाल्यापलीकडे आहे, टेकडीखाली गावातलं कोणी कधी पुरलेलं वा जाळलेलं नाही. खोटी नोंद म्हणजे माझी नोकरी गेलीच, वर आणखी काय होईल ते वेगळं. अचलपूरला माझी म्हातारी आई आणि दोन लहान बहिणी माझ्या पगारावर होत्या.

साहेब जागेवर चौकशीला आला. अर्धं गाव जमलं होतं. त्यानं आपल्या मोडक्या मराठीत विचारलं की इथं कोणाचं मयत आहे, ज्याचं असेल त्यानं पुढं यावं. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांच्या वतीनं बोलायला कोण येणार? सगळे पायाकडे पाहत राहिले. पाटील हसला. मी दगडाला टेकून, वही छातीशी धरून उभा होतो.

बायांमधून तू पुढं आलीस. पेटी गेल्यापासून तू माझ्याशी शब्दानं बोलली नव्हतीस, आणि माझ्याकडे न पाहताच तू साहेबाला म्हणालीस, "माही पोरगी हाय अठी. पटकीच्या साली गेली. गावात कोणी खांदा द्याले नव्हतं, म्हून मीच आणली अन् पुरली."

पाटील म्हणाला, कोणत्या गोलात? तू पटकन बोट दाखवलंस, तिसऱ्या. पाटील म्हणाला, मग उकरून पाहू. साहेबानं तुझ्याकडे पाहिलं, पाटलाकडे पाहिलं, आणि गेल्या साली आम्ही उघडलेल्या खड्ड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, नाही, आईच्या समोर लेकराची कबर उघडणार नाही. माझी वही मागून घेतली, माझ्या नोंदीखाली सही केली आणि घोड्यावर बसला.

माय, माझी नोकरी त्या दिवशी तू वाचवलीस. ते पाच गोलही वाचवलेस. मी संध्याकाळी तुझ्या अंगणात आलो आणि काही बोलणार एवढ्यात तू म्हणालीस, बस, भाकर खा. मी खाल्ली. तुझ्या मुलीबद्दल काही विचारावं असं फार वाटलं, पण धीर झाला नाही. आभार मानायचे राहिले ते राहिलेच. पुढं कधीही तो विषय काढला की तू मला मडकी उचलून उन्हात ठेवायला लावायचीस.

मग माझी बदली अकोल्याला झाली. येता-जाता मी तुझ्याकडे उतरायचो. दर वेळी तू विचारायचीस, पेटीचं काय समजलं? दर वेळी मी सांगायचो, अजून काही नाही. तीन वर्षं अशी गेली. मग आमची कचेरी नव्या जागेत हलली आणि जुन्या सामानात, मोडक्या खुर्च्यांखाली, मला एक पेटी दिसली. वर माझंच अक्षर होतं. ती शहरात पोचलीच नव्हती. आमचा साहेब आजारी पडून मायदेशी गेला होता आणि नव्या साहेबाला ठाऊकच नव्हतं की आत काय आहे. तो म्हणाला, फेकून द्या. मी म्हटलं, मी नेऊ का? तो म्हणाला, न्या.

ती पेटी मांडीवर घेऊन मी तुझ्याकडे आलो तो दिवस माझ्या आयुष्यातला एक चांगला दिवस होता. खरं तर मान खाली घालून यायला हवं होतं. तू पेटी पाहिलीस, झाकण उघडलंस आणि मला विचारलंस, काय समजलं मंग त्याईले? मी म्हटलं, काही नाही, माय, कोणी उघडलीच नाही. मला वाटलं तू आता बोलशील, तुझा हक्कच होता. तू फक्त एवढंच म्हणालीस की चार दिवस थांब, आवा लावतो.

पेटीतली कोरी मडकी फुटून गेली होती, लहान गाडगं तेवढं शाबूत होतं; तू नवी मडकी केलीस, त्यांच्यासारखी. चाकावर गणू बसला, थापटलीस तू, आणि आव्यात उपडी लावून तोंडं भुश्यात दाबलीस. चारांतलं एकच आतून नीट काळं निघालं. बाकीच्यांना चट्टे पडले. तू ते एक हातात घेऊन कितीदा फिरवलंस. म्हणालीस, लय चांगली कुंभारीण व्हती थे, माह्यापेक्षा.

आपण तिघं सकाळीच टेकडीखाली गेलो. शेजारच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या. गणूनं खड्डा साफ केला. तू पेटीतली हाडं एकेक काढलीस आणि त्यांना चिकटलेला पिवळा पडलेला कापूस बोटांनी तंतू तंतू काढत बसलीस. मी म्हटलं, राहू दे ना, मऊ आहे. तू म्हणालीस, या लोकायच्या वक्ती कुठं व्हता एवढा कापूस? आपलं त्यांच्यावर कायले टाकाचं?

तुझं ते नवं मडकं तू आधी ठेवलंस आणि लहान काजळीचं गाडगं सगळ्यात शेवटी, हाडांच्या अगदी जवळ. मग नाल्याकाठची काळी माती, मग बारीक दगड, मग वरची माती. परत येताना मी आपलं जुनं भांडण पुन्हा काढलं. म्हटलं, उघडलं नसतं तर तुला तरी कळलं असतं का, की तुझ्यासारखीच कोणी इथं मडकी भाजत होती? तू रिकामी पेटी काखेत सावरलीस. मग म्हणालीस, हे मातर खरं हाय. आणि थोडं पुढं गेल्यावर, "तरी बी." तिथंच आपलं भांडण थांबलं. मला अजून वाटतं की उघडायला हवं होतं. तुझं "तरी बी"ही मला अजून खोडून काढता आलेलं नाही.

त्या दिवशी तू तिसऱ्या गोलाजवळ थांबली नाहीस. मला नवल वाटलं होतं. मी समजलो, दुःख जुनं झालं की माणूस असंच करत असेल.

परवा दुपारी गणूशी बोलताना मी म्हटलं, मायच्या अस्थींतलं थोडं तिसऱ्या गोलात ठेवू या का, तिच्या लेकीजवळ? गणू माझ्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, "तथी कोणी नाई, दादा. माही बहीण नाल्याजवळ व्हती, लेकरं पुरत थ्या जागी."

मग त्यानं सगळं सांगितलं. मी गावात येण्याच्या आदल्या वर्षी रेल्वेचा भराव पडत होता. दोन्ही बाजूंची माती खणून मधे टाकत होते आणि त्यात लेकरांची ती जागाही गेली. कोणी अडवलं नाही, कारण तिथं काही खूण नव्हती आणि कागदावर तर नव्हतीच. तू दोन दिवस माती वाहणाऱ्या बायांच्या मागं फिरलीस, टोपल्या खाली ठेवायला लावून माती चाळलीस. त्यांनी तुला चाळू दिली. त्यातली एक तर तुझ्याबरोबर बसून चाळत होती. काही मिळालं नाही. तुझी पोरगी दोन वर्षांची होती, सोनी नाव. भरावात ती कुठं आहे हे कोणालाच ठाऊक नाही.

म्हणजे तू साहेबासमोर खोटं बोललीस, माय. मी गणूला विचारलं, का? तो म्हणाला, मी बी विचारलं व्हतं, त म्हणे, माही गेली, या लोकायची तरी राहू दे.

इतकी वर्षं मी तुझे उपकार मानत होतो ते अर्धेच मानत होतो. तुझी लेक तिथं आहे म्हणून तू बोललीस, कोणतीही आई बोलली असती, असं मला वाटायचं. तुझं तिथं कोणीच नव्हतं. ज्यांचं नाव, जात, बोली काही ठाऊक नाही अशा माणसांसाठी तू आपली लेक दुसऱ्यांदा पुरलीस, भर गावासमोर. आणि तिथं दगडाला टेकून, वही छातीशी धरून उभा असलेला मी होतो, त्याच्यासाठीही. मला राग येत नाही आणि वाईटही वाटत नाही. फक्त इतकं वाटतं की हे तुझ्या जिवंतपणी कळलं असतं तर तुझ्या पायांवर डोकं ठेवलं असतं, आणि तू मला मडकी उचलायला लावली असतीस.

अस्थींचं काय करायचं ते तू गणूला सांगून ठेवलं होतंस. बऱ्याचशा कौंडण्यपूरला वर्धा नदीत, आणि चिमूटभर भरावाच्या पायथ्याला. काल आम्ही दोघं तिथं गेलो. रेल्वेच्या भरावात खणायची परवानगी नसते, हे मला नोकरीमुळं चांगलं ठाऊक होतं. गणूनं खुरप्यानं वीतभर खड्डा केला. तेवढ्यात रुळांवरून रोज फेरी मारणारा माणूस आला, खांद्यावर हातोडा, दाढी पांढरी झालेली. वरून त्यानं विचारलं, काय करून राहिले जी अठी?

गणू घाबरला. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "आमची माय आहे. बहीणही इथंच आहे."

त्यानं आमच्यापुढची माती पाहिली. मग हातोडा खाली ठेवून भरावावरून उतरला, आमच्याजवळ बसला, आणि आम्ही माती लोटली तेव्हा त्यानंही तीन मुठी टाकल्या, मुसलमान आपल्या मयतीला टाकतात तशा. उठताना त्यानं इकडं-तिकडं पाहून एक काळा दगड आणला आणि वर ठेवला. म्हणाला, "मी रोज येतो अठून. ध्यान ठेवीन."